दोन घरांचं आडनाव

माझ्या नातवाला एक नवाच नाद लागला आहे. कोणाचंही आडनाव मोबाइलमध्ये टाकायचं आणि ते कुठून आलं, आज किती लोक लावतात, ते पाहायचं. शेजारच्यांचं टाकलं, त्याच्या मास्तरांचं टाकलं, सगळ्यांचं काही ना काही निघालं. मग माझ्या माहेरचं टाकलं, तर मोबाइल गप्प. "आजी, हे आडनावच नाई जगात," तो म्हणाला. मी म्हटलं, आहे रे बाबा. नसतं तर बरं झालं असतं.

ते आडनाव मी इथं लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नाही. लिहिलं की आमच्या भागातल्या वाचणाऱ्याला गाव कळेल, गाव कळलं की घरं कळतील, कारण ते लावणारी घरं मुळात दोनच होती. एक आमचं आणि एक मोठबाचं. मोठबा म्हणजे नात्यानं माझ्या बापाचा मोठा भाऊ. सख्खा नाही, चुलतही नाही. कितव्या पिढीला दोन्ही घरं एक होती ते कोणालाच सांगता येत नव्हतं. नाव एक म्हणून भाऊ, एवढंच. सावली तालुक्याच्या बाजूला, वैनगंगेच्या अलीकडं आमचं गाव. दोन्ही घरांच्या मधे कुडाची एक भिंत होती आणि त्या भिंतीवरून दिवसभर शिव्या ये-जा करायच्या.

आता सांगते भांडण कशाचं. बोडीचं. धानाच्या शेताच्या वरच्या अंगाला पार, म्हणजे मातीचा बंधारा, बांधून जे लहानसं तळं करतात त्याला आमच्याकडं बोडी म्हणतात. ती बोडी घराण्याच्या मूळ पुरुषानं बांधली, असं दोन्ही घरं सांगायची. तिच्या खाली एका अंगाला मोठबाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला आमच्या. बांधी म्हणजे धानाचा वाफा. बोडीचं तोंड उघडायचं कोणी? मोठबा म्हणायचा, "मोठ्या घरानं. नाव एक, रगत एक, बोडी एक, अन् त्यात मी मोठा." म्हणून तोंड त्याच्या हातात. त्याच्या बांध्या भरायच्या, त्याचे बैल पाणी प्यायचे, त्याच्या बदकांची आंघोळ व्हायची, मग उरलं तर आमच्याकडं. माझा बाप बोलायला गेला की मोठबा त्याला चोर म्हणायचा, आणि माझा बाप त्याला त्याहून वाईट काही म्हणायचा. ते मी लिहीत नाही, पण मला अजून पाठ आहे.

हे आडनाव आलं कुठून, यावरही भांडण होतं. काही वर्षांनी एकदा वंशावळ सांगणारा भाट यायचा. तो मोठबाच्या घरी जेवायचा आणि सांगायचा, चांद्याच्या राजाचा हत्ती चिखलात रुतला होता, तुमच्या मूळ पुरुषानं तो काढला, राजानं खूश होऊन हे नाव दिलं, आणि तुमची मोठी पाती, म्हणजे थोरली शाखा. मग तो भिंतीच्या अलीकडं यायचा, आमच्या घरी जेवायचा आणि हत्ती तोच ठेवून मोठी पाती आमची करायचा. गावातली बाकीची माणसं, ज्यांच्या आडनावाचे भाऊ दर गावात पसरलेले होते, ती म्हणायची की हत्ती नव्हता, बैल होता. यांच्या मूळ पुरुषानं कोणाचा तरी बैल पळवला आणि इकडं येऊन लपला, म्हणून यांना दुसरीकडं भाऊच नाहीत. हे आमच्या तोंडावर म्हणायची. आम्ही पोरं विहिरीवर गेलो की बायका विचारायच्या, "काऊन वं, बैल पाणी पेला का?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माझी मोठी बहीण लग्नाला आली. तिला आम्ही बाई म्हणायचो.

त्या काळी आमच्या जातीत सोयरीक पक्की करायची एक रीत होती. पोरीच्या बापानं हो म्हटलं म्हणजे झालं असं नव्हतं. बाप सोडून त्याच आडनावाच्या एका माणसानं पाहुण्यांसमोर सुपारी हातात घ्यायची आणि म्हणायचं, "पोरगी आमची हाय." ती भावकीची सुपारी. ती झाली की लग्न ठरलं. ती झाली नाही की लोक समजायचे, या घराला जातीनं बाहेर टाकलेलं दिसतं, यांचे भाऊ यांच्या पंगतीला बसत नाहीत. ज्यांचं आडनाव दर गावात आहे त्यांना याचं काहीच वाटत नव्हतं. एक भाऊ रुसला तर दुसरा आणायचा. आमच्याकडं रुसायला एकच होता, आणि तो जन्माचा रुसलेला.

बाईची पहिली सोयरीक अशीच गेली. मोठबा त्या दिवशी मुद्दाम सासुरवाडीला निघून गेला. दुसरी सोयरीक आली तेव्हा घरीच होता. माझा बाप बोलवायला गेला तर म्हणाला, "मले काऊन बोलावून राह्यला? चोराच्या पोरीची सुपारी मी घेऊ?" पाहुणे आमच्या पडवीत बसले होते. भिंत कुडाची. त्यांनी ऐकलं, गूळ-पाणी तसंच ठेवून उठले.

तिसरी सोयरीक वैनगंगेच्या पलीकडून आली. माणसं बरी, धान बरं, पोरगा शिवी न देता बोलणारा. पोराचा बाप स्पष्ट बोलला, "पोरगी पसंत हाय. पण सुपारी पाह्यजे. तुमचं नाव आमी कुठी ऐकलं नाई, तं भाऊ तरी दाखवा." त्यांनी माघ उलटेपर्यंत वाट पाहतो म्हटलं. बाई सुपात तांदूळ निवडत आतून ऐकत होती. दोन सोयरिकी मोडलेली पोरगी तिसरी मोडली की काय होते ते आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. असल्या पोरीला मग बिजवराकडं देतात, नाही तर म्हाताऱ्याकडं.

तेव्हा आमच्या बाजाराला चांद्याहून एक मुसलमान कापडवाले चाचा यायचे. गाठोडं घेऊन ते थेट सिरोंच्यापर्यंत फिरत. मायनं त्यांच्याकडचं लुगडं पाहता पाहता रडगाणं सांगितलं, तर चाचा म्हणाले, "बाई, तुम्हारे नाम का एक घर तो मैंने देखा है. सिरोंचा में, गोदावरी के किनारे. उधर घर का नाम पहले लगाते हैं, आदमी का बाद में. लेकिन नाम यही है."

घरात दिवाळी झाली म्हणायची. माझा बाप म्हणाला, "मी जातो. त्याले घेऊन येतो. मोठबाच्या छातीवर त्याले उभा करतो." माय म्हणाली, पोरीला सोबत न्या. पोरगी म्हणजे मी. तिचं म्हणणं असं की एकटा माणूस परक्या गावात घर विचारत फिरला तर लोकांना तो जंगल खात्याचा नाही तर पोलिसाचा वाटतो. सोबत पोरगी असली की घरदारवाला वाटतो. म्हणून मी गेले.

वैनगंगा डोंग्यानं पार केली. पुढं बैलगाडीनं, पुढं पायी, आणि आलापल्लीहून सागाचे ओंडके आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून. धूळ इतकी की बापाचा चेहरा मला दिसत नव्हता, आवाजच येत होता. तो सारखा एकच बोलत होता. मोठबाला काय काय ऐकवायचं ते ठरवत होता. एक शिवी सुचली की मला विचारायचा, "हे कसं वाटते?" मी म्हणायची, बरं वाटते.

सिरोंच्यात सगळी भाषा तेलगू. बापानं आडनाव उच्चारलं की लोक नदीकडं हात करायचे आणि मान हलवायचे. एका हॉटेलवाल्याला हिंदी येत होती. त्यानं सांगितलं, त्या घरचा म्हातारा कालच वारला, सगळी माणसं घाटावर गेली आहेत.

माझा बाप तिथंच थांबला. त्याचा चेहरा खरंच उतरला, मी पाहिला. म्हणाला, "आपल्या नावाचा माणूस गेला, पोरी. आता आंघोळ केल्याबिगर पाणी नाई प्यायचं." आणि तो सरळ घाटावर गेला. तिथं न्हावी एका रांगेत बसलेल्या माणसांची डोकी करत होता. माझा बाप रांगेच्या शेवटी जाऊन बसला. आडनाव एक, म्हणजे सुतक आपल्यालाही. त्यात विचारायचं काय? त्याला विचारायचं सुचलंच नाही, आणि त्यांनाही वाटलं असेल, बायकोकडचा कोणी पाहुणा आहे. न्हाव्यानं त्याचं डोकं भादरलं, मिशा काढल्या. त्या मिशांचा त्याला फार अभिमान होता. त्यानं गोदावरीत बुडी मारली, ओल्या धोतरानं त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेला आणि दाराशी बसला.

तेव्हा तिकडच्या थोरल्या पोरानं पाहिलं आणि विचारलं, "एवरू?" म्हणजे कोण.

माझ्या बापानं छातीवर हात ठेवून आडनाव सांगितलं.

मला वाटलं होतं, आता गळ्यात पडतील. पण तो आणि त्याचे दोघं भाऊ एकमेकांकडं पाहून भराभर बोलायला लागले आणि आवाज चढायला लागला. धाकट्यानं कोपऱ्यातलं वल्हं उचललं. आम्हाला शब्द कळत नव्हता. मेलेल्या माणसाची बायको आत बसली होती. ती मासे विकायला अहेरीच्या बाजारात जायची, तिला मराठी येत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "हे पोरं म्हणून राह्यले, बाप मेला नाई तं हा हिस्सा मागाले आला. डोकं करून आला. तू कोन आहेस बाप्पा?"

बापानं सांगितलं, भाऊ आहे. नाव एकच आहे.

"कायचा भाऊ?" ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, पण बोलणं धारदार. "आमी नावेवाले, मासे धरनारे. तुमी?"

"आमी धानवाले."

"मंग भाऊ कसे? हे नाव रगताचं नाई. हे एका गावाचं नाव हाय." तिनं नदीच्या वरच्या अंगाला, जंगलाकडं बोट केलं. "माझी सासू सांगे. तिकडं प्राणहितेच्या काठी गाव होतं. तिथी मरी आली. जे जगले ते एका दिवसात उठले. ज्याइच्याजवळ नावा होत्या ते खाली आले, ज्याइच्याजवळ बैल होते ते वर गेले. नावेवाले, धानवाले, तेली, लोहार, समदे. जिथी गेले तिथी लोकायनं विचारलं, कुठले? यायनं गावाचं नाव सांगतलं. तेच चिकटलं. आता त्या गावच्या लोहाराचं नाव बी तेच असन. तो बी तुह्या भाऊ का?"

माझ्या बापानं विचारलं, "अन् हत्ती?"

"कोन हत्ती?" ती म्हणाली.

मग तिला त्याच्या डोक्याकडं पाहून काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, "माझ्या नवऱ्यासाठी तू काऊन डोकं केलं रे? कोनी सांगतलं होतं?" आणि तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत, मला कळलं नाही. पोरांना मात्र हसू आलं नाही. वल्ह्यावाल्यानं आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं आणि आम्ही वळेपर्यंत तिथंच उभा राहिला. पोटभर पाणीसुद्धा दिलं नाही. माणसाला परक्याचा राग येतोच. पण आपलं आडनाव लावून आलेल्या परक्याचा केवढा राग येतो, ते मी तिथं पाहिलं.

परत येताना ट्रकवर गार वाऱ्यानं बापाचं डोकं दुखत होतं. मी माझी ओढणी दिली, ती त्यानं गुंडाळली.

आता घरी पोचल्यावरचं ऐका. आम्ही गावात शिरलो तसं मोठमायनं, म्हणजे मोठबाच्या बायकोनं, बापाचं डोकं पाहिलं. ती शेण थापत होती. तशीच उठली आणि रस्त्यावर उभी राहून विचारायला लागली, "कोन मेलं? सांगा ना, कोन मेलं? आमच्या नावाचं कोन मेलं?" बाप तसाच पुढं घरात गेला. पण मला एका बाईनं विहिरीवर विचारलं आणि मी सांगून टाकलं, सिरोंच्याचा आमच्या नावाचा म्हातारा. एवढंच सांगितलं, पुढचं सांगेपर्यंत ती घागर घेऊन गेलीसुद्धा.

झालं. मोठबाला आयतं सापडलं. तो पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसला आणि गावभर ऐकू जाईल असं बोलला, "नाव एक, रगत एक. घराण्यातला मोठा पुरुष गेला. सुतक हाय. वर्षभर या नावाच्या घरी मांडव पडत नाई. पाहू आता कशी देते पोरगी." हे नदीपलीकडं पोचायला वेळ लागला नाही. पोराचा बाप दोन माणसं घेऊन आला, सोयरीक मोडतो हे तोंडावर सांगायला. माणूस रीतीचा होता, निरोपावर मोडत नव्हता. पाटलानं दोन्ही घरांना ओट्यावर बोलावलं.

मायनं त्या दिवशी काय केलं ते ऐका. ती आधी न्हाव्याकडं गेली. त्याला म्हणाली, धोकटी घेऊन पाटलाच्या ओट्यापाशी येऊन बस, गरम पाणी सोबत आण. का ते सांगितलं नाही. मग पितळेच्या ताटात सुपारी ठेवली, डोक्यावरून पदर पुढं ओढला आणि माझं मनगट धरून मला पुढं घातलं. मोठबा तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्याशी आमच्यात बाई समोरासमोर बोलत नाही, तोंड दाखवत नाही. बोलायचंच झालं तर पोराच्या तोंडून. पोर मधे उभं करायचं आणि त्याला सांगायचं. पलीकडच्याला सगळं ऐकू येतं, पण रीत राहते.

ओट्यावर पाटील, पोराचा बाप, मोठबा आणि खाली मान घालून माझा बाप. त्याच्या डोक्यावर खुंट उगवायला लागले होते. मोठबानं पुन्हा तेच म्हटलं, "नाव एक, रगत एक. सुतक हाय."

माय खाली उभी राहून मला म्हणाली, "सांग तुह्या मोठबाले, सुतक हाय तं न्हावी बसूनच हाय. टोपी काढा म्हना."

मी सांगितलं. मोठबा म्हणाला, "मी काऊन काढू?"

"सांग, नाव एक हाय ना. आताच बोलले. धाकट्यानं डोकं केलं, मोठ्याचं काऊन तसंच हाय? का मोठ्याले सुतक लागत नाई?"

न्हावी बिचारा, त्याला काय समजलं काय माहीत, तो म्हणाला, "भाऊ, पानी गरम हाय."

ओट्याखाली उभ्या असलेल्या माणसांत कोणी तरी खोकलं. ते खोकणं हसण्याचं होतं. आणि मोठबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कारण त्याला आता आठवलं. त्याच्या थोरल्या पोराचं लग्न मूल गावाकडच्या पोरीशी ठरलं होतं, याच वर्षी. मांडवाच्या बल्ल्या तोडून अंगणात आणून टाकल्या होत्या. रागाच्या भरात आमचा मांडव मोडायला निघाला, तर स्वतःच्या बल्ल्यांवर कुऱ्हाड पडली. वर्षभर मांडव नाही म्हटलं की दोन्ही घरांना नाही. दुसरं घरच नव्हतं ना त्या नावाचं. मोठी भावकी असती तर कोणी दूरचा, कोणी जवळचा, असं काही तरी काढता आलं असतं.

तो म्हणाला, "सांग तुह्या मायले, सिरोंच्याचे कोन कुठले. ते मासे धरनारे, ते आपले नाईत. हे ह्यानंच पाटलाले सांगतलं." बापानं खरंच सांगितलं होतं, सगळं, गावाचं, मरीचं, नावेवाल्यांचं.

"हो ना," माय म्हणाली. "सांग, आपल्यालेही मान्य हाय. नाव गावाचं हाय, रगताचं नाई. मंग तुह्ये मोठबा तुह्ये मोठबा कशावरून? ते बी कोन कुठले. मंग बोडी कोन्या नात्यानं धरून बसले? भाऊ नाई तं मोठा भाऊ कसा?"

पाटील पुढं सरकला. तो बोडीचं भांडण वर्षानुवर्षं ऐकून कंटाळलेला होता. म्हणाला, "बाई बराबर बोलून राह्यली. भाऊ, तुमी एक काय तं सांगा."

मोठबा उठला, बसला, माझ्याकडं असा पाहत होता जसं मीच हे सगळं बोलते आहे. मी त्याच्यापुढं ताट धरून उभी होते. तो मला म्हणाला, "तुह्ये दात घशात घालीन." मी ते सुद्धा मायला सांगितलं, रीत म्हणून.

माय म्हणाली, "सांग, दात मंग घाला. आदी ऐका. सिरोंच्याचे परके, मान्य. आपन दोन घरं भाऊ, हे बी मान्य. बोडीचं तोंड त्याइच्या हाती, त्याचं बी आमाले काई म्हननं नाई, पाटील साक्षी हाय. पन भाऊ म्हनून पानी घेतलं तं भाऊ म्हनून सुपारी घ्या."

माझ्या बापानं झटकन मान वर केली. हे त्यांचं घरात बोलणं झालेलं नव्हतं. पाणी देऊन टाकायचं मायनं एकटीनं ठरवलं होतं. तो काही बोलणार तर तिनं पदरातूनच त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं मान पुन्हा खाली घातली.

मोठबानं सुपारी उचलली. दोन बोटांत, घाणीतली वस्तू उचलावी तशी. पोराच्या बापाकडं वळला आणि म्हणाला, "पोरगी आमची हाय. बाप तिचा हरामखोर हाय, माय तिची त्याहून वरताण हाय. पन पोरगी आमची हाय."

पोराचा बाप म्हणाला, "माय-बापाचं आमाले काय करायचं? पोरगी तुमची ना? मंग झालं." आणि त्यानं सुपारी घेतली.

मी पळत घरी आले. बाई चुलीपाशी होती. मी सांगितलं, झालं, मोठबानं घेतली. तिनं विचारलं, "कशी काय घेतली?" मी पाण्याचं सांगितलं. तिला आनंद झाला असेल, पण तिच्या तोंडून पहिलं हे निघालं, "मंग तुमी काय खासान?"

वैशाखात दोन्ही घरचे मांडव पडले, लग्नं लागली. आधी त्यांचा, मग आमचा. बाईच्या लग्नात मोठबा आला, भावकीचा म्हणून जिथं जिथं उभं राहायचं तिथं तिथं उभा राहिला, आणि आमच्या घरचं पाणी तोंडाला न लावता गेला. जाताना दारात थुंकला. मी ते विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. लोक म्हणतात म्हातारपणी माफ करावं. मला अजून तशी इच्छा झालेली नाही.

बापानं सिरोंच्याहून आणलेली खरी गोष्ट मात्र गावात कोणी धरून ठेवली नाही. भाट पुन्हा आला आणि त्यानं पुन्हा हत्ती काढला, दोन्ही घरी. पुढं मोठबाची पोरं नागपूरला गेली. तिथं त्यांनी हे आडनाव सोडून दुसरं, दहा गावांत ज्याचे लोक सापडतात असं लावलं. आमच्याकडं माझा धाकटा भाऊ, त्याचा एक पोरगा, बस. पोरी दुसऱ्यांच्या नावात गेल्या, मीही गेले. सिरोंच्याच्या त्या तिघा भावांचं काय झालं ते मला माहीत नाही. त्या उठलेल्या गावचे लोहार, तेली कुठं असतील तर असोत. मोबाइलला सापडले नाहीत, मला शोधायचेही नाहीत.

पण त्या पावसाळ्याचं सांगते. पाऊस मधेच दडी मारून बसला. मोठबानं बोडीचं तोंड आपल्या अंगाला उघडलं आणि मग आमच्याकडच्या पाटावर माती टाकून बोडीचा पार पक्का केला. आमच्या बांध्यांत रोवलेलं धान आधी पिवळं पडलं, मग वाळलं. पाटलाकडं जायची सोय नव्हती, शब्द दिलेला. बाप रोज बांधावर जाऊन बसायचा. माय आणि मी दुसऱ्यांच्या निंदणाला जायचो, मोठबाचं शेत सोडून सगळीकडं. कार्तिकात त्यांच्या अंगणात धानाची पोती लागली, आमच्याकडं गंजात, म्हणजे पातेल्यात, जवारीच्या कण्या शिजत होत्या.

एका संध्याकाळी मोठमायनं भिंतीपलीकडून आवाज दिला, "काऊन वं, यंदा काय खाऊन राह्यले?"

"तुमच्या दिराले विचारा," माय माझ्या बापाकडं पाहत म्हणाली. "भात खाऊन खाऊन पोट सुटलं त्याचं."

आणि तिनं चुलीवरच्या गंजावर झाकण हातानं घट्ट दाबून धरलं, कण्यांचा वास पलीकडं जाऊ नये म्हणून. हात भाजला तरी काढला नाही.